दहा बाय बाराची खोली आणि बाराशे वॅटचा हट्ट

मंडळी, स्पष्टच सांगतो. छोट्या खोलीत बास बिघडतोय म्हणून आणखी मोठा सबवूफर आणणारा माणूस म्हणजे मेमरी लीक असलेल्या प्रोग्रॅमला रॅम वाढवून देणाऱ्या मॅनेजरचा सख्खा भाऊ. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच रडगाणं. फक्त बिल मोठं.

आमच्या गंजाडचंच घ्या. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) इथलेच. त्यांच्या चित्रांतला तारपा नाच आठवा. मधे तारपावाला, भोवती फेर, वर आभाळ. आवाज गेला की गेला, परत येऊन आदळायला भिंतच नाही. घरंही कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. असली भिंत थोडी हलते आणि खोल आवाज बराचसा बाहेर सोडते. आता विटांच्या भिंती आणि वर स्लॅब आला. ही खोली खोल आवाज कोंडून ठेवते. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावर पातळ बोर्ड ठोकलेल्या भिंती असतात, त्याही थोडा बास गिळतात. म्हणून तिकडचे सल्ले इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारच आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. खोली १२ फूट लांब म्हणजे ३.६६ मीटर. दुप्पट करून भागा, ४७ हर्ट्झ. ह्या सुराची लाट दोन भिंतींमधे उभी राहते. रुंदी १० फूट, तिचे ५६ हर्ट्झ. आणि छतही १० फुटांवर असेल तर पुन्हा ५६! म्हणजे एकाच सुरावर दोन लाटा. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, तिच्या शेजारची ५५ची. ती ५५ची वाजली की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि बाकीचे सूर कुठं गेले ते शोधत बसा. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेला गोल आवाज अर्ध्यातच फुगतो. ह्याला लोक 'दणदणीत बास' म्हणतात. अहो, तो बास नाही, तुमच्या खोलीची ढेकर आहे!

मग दुकानदाराकडे जावं तर तो दोन इंची फोम विकतो. ४७ हर्ट्झची लाट २४ फूट लांब असते. तिला दोन इंच फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. फोमनं टाळीचा प्रतिध्वनी जातो, बास ढिम्म हलत नाही. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

मग करायचं काय? पैसे काढण्याआधी एवढं करा.

१. सब कोपऱ्यातून काढा. कोपरा सगळ्या लाटांना एकदम उचकवतो.

२. सब खुर्चीवर ठेवा, बास गिटारचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथं सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथं सब, आणि तुम्ही खुर्चीवर. घरचे हसतील, हसू द्या.

३. खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथं फुगवटा असतो. बरोब्बर मध्यावरही नको, तिथं ४७ आणि ५६ दोन्ही गायब. मागून चारेक फूट पुढं घ्या.

४. बाराशे वॅटच्या एका धुडाऐवजी दोन लहान सब घ्या, समोरासमोरच्या आखूड भिंतींच्या मध्यावर ठेवा. लांबीची लाट एका टोकाला दाबते तेव्हा दुसऱ्या टोकाला ओढते. दोन्ही सब एकदम ढकलतात, म्हणून ती लाट उभीच राहत नाही. रुंदीची लाट भिंतीच्या मध्यावर मुळातच शून्य. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली हेच मांडलं, आयताकृती खोलीत चारपेक्षा जास्त सब लावून खास काही मिळत नाही, हेही.

५. छताची ५६ची लाट उरली तर इक्वलायझरनं तेवढीच खाली ओढा. मोजायला रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम मोफत आहे, मोजमापाचा एक माइक लागतो.

"मग खड्डासुद्धा इक्वलायझरनं भरू की!" नाही भरत. खड्ड्यात थेट आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खातात. एकातून एक गेला शून्य, दहातून दहा गेले तरी शून्यच. बाराशे वॅट ह्या शून्यातच जातात.

"पण मला छातीवर बसणारा बास हवाय" म्हणणारे भेटतातच. लग्नातल्या डीजेच्या भिंतींनी आपले कान असे घडवलेत. पण ती भिंत मैदानात उभी असते, तुमच्या बेडरूममधे नाही.

असो. पगारातून वर्षभर साठवलेले पैसे आहेत तुमचे. ह्या रविवारी एक पैसाही न खर्चता सब कोपऱ्यातून काढून बघा. नंतर खुशाल भांडायला या.