बीप कुणाच्या स्पीडने?

खिशात जिमचं कार्ड, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. आपला फिटनेस आपण असा मोजतो. २०१७ पासून क्रिकेटमुळे योयो टेस्टही सगळ्यांच्या तोंडी झाली. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा फिटनेस कसा मोजायचा? ‘त्यांना कशाला हवाय फिटनेस?’ असं विचारणारे महाभाग मला भेटलेत. अहो, त्यांनाच तर जास्त हवाय! स्नायू ताठर असल्यामुळे वर्गातून गेटपर्यंत जायलाही या मुलांची ताकद जास्त खर्च होते.

आता त्यांना नेहमीची २० मीटरची बीप टेस्ट लावून बघा. ती सुरूच होते ताशी आठ-साडेआठ किलोमीटरने. अनेकांचा खेळ पहिल्याच मिनिटात खल्लास. निकाल शून्य! पण हा शून्य मुलाचा नव्हे, टेस्टचा.

नेदरलँड्समधल्या ओलाफ फर्शुरेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर तोडगा मांडला. अंतर फक्त १० मीटर. बऱ्यापैकी पळू शकणाऱ्यांसाठी सुरुवात ताशी ५ किलोमीटरने, चालताना अडचण येणाऱ्यांसाठी २ ने. दर मिनिटाला वेग पाव किलोमीटरने वाढतो. मुख्य म्हणजे, त्यांनी त्याच मुलांची टेस्ट पुन्हा घेतली. दोन्ही वेळचे आकडे छान जुळले.

हे ‘पुन्हा’ का महत्त्वाचं, ते वजनकाटा सांगेल. जालना जिल्ह्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे एकच पोतं दोनदा ठेवल्यावर काट्याने दोन वजनं दाखवली, तर शेतकरी गप्प बसेल? मग पोराच्या बाबतीत आपण का बसायचं?

समजा, याच गावातल्या एका आईने सहा महिने मुलाकडून व्यायाम करून घेतला, फिजिओथेरपीसाठी जालन्याच्या फेऱ्या मारल्या. मुलगा आधीपेक्षा मिनिटभर जास्त टिकला. ही खरी सुधारणा, की त्या दिवशी स्वारीचा मूड बरा होता? काटा पक्का असेल तरच तिला उत्तर मिळणार.

आणि काटा पक्का ठेवणं फार अवघड नाही. आधी एकदा सराव द्यायचा. दर वेळी तेच बूट, तेच स्प्लिंट, तीच जागा आणि शक्यतो टेस्ट घेणारा माणूसही तोच. मूल खरंच दमलं की नुसतं कंटाळलं, हे हार्ट रेटवरून ताडायचं. व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी वेगळी शटल राइड टेस्ट आहे, तिथे पळण्याची टेस्ट रेटायची नाही.

सामान काय लागतं? फक्कीच्या दोन रेघा आणि मोबाइलवरचा बीप. जाणकार फिजिओथेरपिस्ट सोबत असेल, तर झेडपी शाळेचं ग्राउंडही चालेल. पीटीच्या तासाला इतरांच्या चपला राखत बसणाऱ्या मुलालाही स्वतःचा आकडा मिळू दे. पुढच्या वेळी मोडायला त्याचंही एक रेकॉर्ड हवं ना!