मातृछाया आणि सातबारा

नवरात्र जवळ आलं की एक फॉरवर्ड हमखास येतो. आपले पूर्वज नदीकाठी राहायचे, देवीला भजायचे आणि त्यांच्यात म्हणे बायकांचं राज्य होतं! पुरावेही ठरलेले: इनामगावची मूर्ती आणि गौतमीपुत्र सातकर्णी. आपण इंजिनियर लोक. डेटा बघूया की.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी. ही घोड पुढे आपल्या भीमेलाच मिळते. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. एका घराच्या जमिनीखाली मातीची बंद पेटी सापडली, इ.स.पू. १३०० च्या आसपासची. तिच्यात शिर नसलेली स्त्रीमूर्ती, सोबत बैल. देवी असेलही. पण देवी होती म्हणून बायकांची सत्ता होती, हे कुठलं लॉजिक? तोच नियम आज लावून बघा. कोजागिरीला अख्खं सोलापूर 'आई राजा उदो उदो' करत तुळजापूरला चालत जातं. तीन हजार वर्षांनी कुणी आपल्याला खणून काढलं तर तो बिनधास्त लिहील, इथे आईच राजा होती. घरात राजा कोण आहे ते आपल्याला माहीत आहे!

आता गौतमीपुत्र. नावात आई आहे, कबूल. पण त्याच्यानंतर गादीवर आला त्याचा मुलगा पुळुमावी. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री स्वतःची ओळख राजाची आई, राजाची आजी अशी करून देते. लेणं आजीने दान दिलं. त्याच्या खर्चासाठी गाव मात्र नातवाने दिलं. गाव देण्याचा अधिकार कुणाकडे होता, ते कळलं ना?

खरी मातृवंशीय पद्धत बघायची तर मेघालयात जा. खासी लोकांत वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. आईचं नाव चालतं आणि मालमत्ताही मुलीकडे येते. तरी तिथेसुद्धा घरातल्या मोठ्या निर्णयांत मामाचा शब्द असतो आणि गावच्या दरबारात परंपरेने पुरुषच बसत आले. वंश आणि सत्ता ही दोन वेगळी टेबलं आहेत राव!

स्त्रीसत्तेचा सिद्धांत कॉ. शरद पाटलांसारख्या अभ्यासकांनी गंभीरपणे मांडला, वाद घातला. पण त्यांना त्यातून आजची गुलामगिरी मोडायची होती. फॉरवर्डवाल्यांना फक्त छाती फुगवायची असते. 'आमच्यात आधीपासूनच होतं' म्हटलं की आज काही द्यायला लागत नाही, हा खरा फायदा.

कारण द्यायची वेळ आली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. आणि आपण काय करतो? बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतो. वर एक साडी. नाही म्हणाली तर तिचं माहेर तुटतं. हे खेड्यातच चालतं असं नाही हां, लठ्ठ पॅकेजवालेही करतात. जुळे सोलापुरात चक्कर मारा: गेटवर 'मातृछाया', 'आईची कृपा', आणि उताऱ्यावर बाबा, मग दादा.

तर पुढच्या वेळी तो मेसेज पुढे ढकलण्याआधी घरचा सातबारा काढा. घरबसल्या मिळतो. त्यावर बहिणीचं नाव असेल तर खुशाल फॉरवर्ड करा. मला पण पाठवा.