खास प्रोसेसर ही चैन नव्हे

मोबाइल, कॅमेरा किंवा सेट-टॉप बॉक्ससाठी खास प्रोसेसर घडवणे ही उधळपट्टी आहे. सर्वसाधारण प्रोसेसर आपोआप वेगवान होतोच, मग व्हिडिओचे काम सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळे व्हावे, असे म्हणणारे बरेच आहेत. २००५च्या सुमारापर्यंत या म्हणण्यात तथ्य होते. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याची विजेची भूकही त्याच मानाने घटत असे. पुढे ती घट मंदावली, आणि बॅटरीवरच्या यंत्रात वेगापेक्षा ऊर्जेचा हिशेब मोठा ठरला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये एच.२६४ या व्हिडिओ-संकोचनाच्या प्रमाणकाच्या एन्कोडरची तुलना केली: एकीकडे चार साधे प्रोसेसर असलेली चिप, दुसरीकडे केवळ त्याच कामाची चिप. ऊर्जेतली तफावत निघाली सुमारे ५०० पट. प्रत्यक्ष आकडेमोडीला लागणारी ऊर्जा अगदी थोडी; बाकीची सूचना आणण्यात, उलगडण्यात आणि डेटा हलवण्यात जाते. हमालीपेक्षा मुकादमीच महाग!

यावर दुसरा आक्षेप येतो: प्रमाणके बदलतात, एच.२६४ २००३चे, एचईव्हीसी २०१३चे, एव्ही१ २०१८चे. आज कोरलेली चिप उद्या निकामी. हा आक्षेप पूर्णपणे गोठवलेल्या सर्किटला लागू पडतो, खास सूचना जोडलेल्या प्रोसेसरला नाही. व्हिडिओचे संकोचन करताना १६ × १६ पिक्सेलचा ठोकळा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधावे लागते; त्यासाठी प्रत्येक जागी २५६ फरक काढून त्यांची बेरीज करावी लागते. साध्या प्रोसेसरला त्यासाठी हजारावर सूचना लागतात. खास सूचना एका दमात कित्येक पिक्सेल उरकते. मात्र कुठे शोधायचे आणि कधी थांबायचे, हे सॉफ्टवेअरच ठरवते. ठोकळ्यांची तुलना प्रमाणक बदलल्यावरही लागतेच. त्याच अभ्यासात अशा सूचना जोडल्यावर ती ५०० पटींची दरी तिपटीच्या आसपास आली. गंमत म्हणजे इंटेलने १९९९च्या पेंटियम ३ मध्ये नेमकी हीच फरकांच्या बेरजेची सूचना घातली. सर्वसाधारणतेचे पुरस्कर्ते हा दाखला सोयीस्करपणे विसरतात.

उरतो खर्चाचा मुद्दा, आणि तो खरोखर वजनदार आहे. नव्या सूचनांसाठी कंपायलर कोण लिहिणार? टेन्सिलिका या कंपनीच्या एक्सटेन्सा पद्धतीत सूचनेचे वर्णन दिले की प्रोसेसरबरोबर कंपायलर आणि सिम्युलेटरही तयार होतात. रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाने तर अशा सूचनांसाठी जागा राखूनच ठेवली आहे. तरीही चिप मोजक्याच संख्येने खपणार असेल तर मास्कचा, म्हणजे चिप छापण्याच्या साच्यांचा, खर्च भरून निघत नाही. तिथे बाजारातली तयार चिप घ्यावी, हे मान्य. फक्त ती निवडताना तिच्या तपशिलाचा कागद वाचावा: व्हिडिओचा वेगळा भाग त्यात बहुधा कोणीतरी आधीच घडवून ठेवलेला असतो.