बाग पिते ते रस्त्याचेच पाणी

नळाचे पिण्याचे पाणी बागेच्या हिरवळीवर ओतायचे आणि रस्त्यावर पडलेला पाऊस गटारातून नदीकडे घालवून द्यायचा, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चुकते आहे असे आपल्याला वाटतही नाही. मलाही वाटत नव्हते. कंपनीच्या कामासाठी काही महिने मेलबर्नला राहिलो, सुट्टीच्या दिवशी तिथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये फिरू लागलो, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न मनात आला. त्या बागेतल्या तळ्यावर झाडाझुडपांची तरंगती बेटे आहेत. आधी ती मला शोभेची वाटली. प्रत्यक्षात ती कामावर असतात.

या तळ्याची कथा सांगण्यासारखी आहे. ते मुळात यारा नदीचाच भाग होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीचा प्रवाह सरळ करण्यात आला, तेव्हा तळे नदीपासून तुटले. पाणी साचून राहिले, त्यात खतांचा आणि पाचोळ्याचा अंश मिसळत गेला, आणि उन्हाळ्यात निळे-हिरवे शेवाळ माजू लागले. पुढे 1997 ते 2009 असा प्रदीर्घ दुष्काळ पडला आणि नळाच्या पाण्यावर निर्बंध आले. बाग जगवायची, तर पाणी दुसरीकडून आणणे भाग होते.

ते पाणी बागेच्या कुंपणाबाहेरच वाहत होते. आजूबाजूच्या रस्त्यांवरून जाणारे पावसाचे पाणी बागेत वळवण्यात आले. आधी जाळ्यांमध्ये प्लॅस्टिक आणि पालापाचोळा अडतो, मग गाळ खाली बसतो. पुढचे काम पाणथळीचे. पाण्यात बुडालेल्या मुळांवर सूक्ष्म जीवांचा थर वाढतो आणि हे जीव व झाडे मिळून पाण्यातला नायट्रोजन व फॉस्फरस खातात. शेवाळाचे अन्नच संपते. बागेतल्या सिंचनासाठी लागणाऱ्या पिण्याच्या पाण्यात सुमारे 40 टक्के बचत करावी, हे या योजनेचे उद्दिष्ट होते.

मला सर्वांत भावली ती जुन्या रचनेची आठवण. बागेचे संचालक विल्यम गिलफॉइल यांच्या काळात, 1876 साली, बागेच्या उंच कोपऱ्यात ज्वालामुखीच्या आकाराचा एक हौद बांधला होता. पाणी वर साठवायचे आणि उताराने बागेला द्यायचे, एवढी साधी कल्पना. पुढे तो सुमारे 60 वर्षे बंद पडून होता. 2010 मध्ये दुरुस्त होऊन खुला झाला आणि आज याच फेऱ्याचा भाग आहे. पाणी पंपाने वर चढते, उताराने खाली येते, पाणथळीतून गाळले जाते आणि पुन्हा वर जाते. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी प्रणाली दिसली की ती मोडून नवी लिहायला निघतो. इथे आधी जुनी नीट वाचली गेली.

यातून मी घेतलेला धडा असा: पाणी नुसते साठवून भागत नाही, ते फिरते ठेवावे लागते. आणि बागेचे आरोग्य बागेच्या कुंपणाबाहेर ठरते. रस्त्यावर सांडलेले तेल, फेकलेली पिशवी, कोपऱ्यावर साचलेला कचरा हे सगळे पहिल्या पावसात तळ्यात उतरते. जो रस्ता आपण घाण करतो, तोच आपल्या मुलांच्या खेळाच्या बागेला पाणी पाजतो.

हीच योजना उचलून आपल्या गावात बसवता येईल असे मी म्हणणार नाही. मेलबर्नचा पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, आपला चार महिन्यांत कोसळून जातो. म्हणून आपल्याला साठवण मोठी लागेल. तिथे मैलापाण्याची आणि पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी आहेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी मैला थेट नाल्यात येतो, आणि तसे पाणी केवळ चार झाडांच्या भरवशावर मुलांच्या बागेत सोडणे हा गुन्हाच ठरेल. आधी ती गळती थांबायला हवी.

पण प्रश्न विचारायला कोणती अडचण आहे? वॉर्डात बागेच्या सुशोभीकरणाचा फलक लागतो, तेव्हा आपण कारंजे आणि दिवे पाहून खूश होतो. यापुढे तीन गोष्टी विचारू या. या बागेला पाणी कुठून येणार? पावसाळ्यात तिच्या दारावरून वाहणारे पाणी कुठे जाणार? आणि जाळीतला कचरा, तळाचा गाळ दरवर्षी कोण काढणार, त्यासाठी पैसे कुठे ठेवले आहेत? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण गाळ काढला नाही तर पाणथळीचे डबके व्हायला दोन पावसाळेही लागत नाहीत.

ज्या वस्तीत मे महिन्यात हंड्यांची रांग लागते, तिथे बागेसाठी वाचलेला प्रत्येक टँकर कुणाच्या तरी घरी पोचू शकतो. आपण नागरिक म्हणून मागायचे आहे ते हेच.