यादीबाहेरचे चंडीगड

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी खासगी डिजिटल रेडिओविषयीच्या शिफारशी केंद्र सरकारला सादर केल्या. त्यांतील १३ शहरांची यादी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई ही चार महानगरे आणि त्यांच्या खालच्या श्रेणीतील हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद, सुरत, पुणे, जयपूर, लखनौ, कानपूर आणि नागपूर. महाराष्ट्राच्या वाट्याला तीन शहरे आली, याचे मराठी वाचकाला समाधान वाटेल. परंतु पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेले चंडीगड या यादीत नाही. रेडिओसाठी शहरांची श्रेणी ठरते ती प्रामुख्याने लोकसंख्येवर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या अवघी साडेदहा लाखांच्या आसपास आहे. हिशेब बिनचूक आहे. रेडिओच्या बाबतीत तेवढा हिशेब पुरेसा आहे काय, हा प्रश्न मात्र उरतो.

पंजाबच्या या पट्ट्यात रेडिओ हे केवळ करमणुकीचे साधन कधीच नव्हते. फाळणीत आकाशवाणीचे लाहोर केंद्र पाकिस्तानात गेले आणि अलीकडच्या पंजाबात नव्याने उभारणी करावी लागली. सीमेपलीकडून येणाऱ्या लहरींशी स्पर्धा ही तेव्हापासूनची चिंता. अमृतसरजवळ घरिंडा येथे सप्टेंबर २०१८ मध्ये २० किलोवॉटचा एफएम प्रक्षेपक सुरू झाला, त्यामागेही हीच चिंता होती. दहशतवादाच्या काळात तर या माध्यमाची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजली. आकाशवाणी व दूरदर्शनने पंजाबीतूनच बोलावे, असा अतिरेक्यांचा हुकूम सुटला होता. डिसेंबर १९९० मध्ये चंडीगड आकाशवाणीचे केंद्र संचालक आर. के. तालिब यांची हत्या झाली. मे १९९२ मध्ये पतियाळा केंद्राचे एम. एल. मनचंदा यांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. रेडिओ कोणाच्या हाती आहे आणि तो कोणत्या भाषेत बोलतो, याचे मोल बंदूकधाऱ्यांना पुरते कळले होते. ते नियामकाच्या श्रेणींत कोठेही दिसत नाही.

खासगी क्षेत्राला हा व्यवहार परवडणारा नसेल तर सार्वजनिक प्रसारकाने तो करावा, असे कोणी म्हणेल. आकाशवाणीने तो करून पाहिला आहे. 'डिजिटल रेडिओ मोंडियाल', संक्षेपाने डीआरएम, हे मानक स्वीकारून दिल्लीहून लघुलहरींवरील नियमित डिजिटल प्रसारण जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. पुढे मध्यम लहरींचे ३५ आणि लघुलहरींचे २ असे ३७ प्रक्षेपक डिजिटल करण्यात आले. मुंबई, पुणे, पणजी त्यांत होते, जालंधरही होते. चंडीगड तेथेही नव्हते. जालंधर दीडशे किलोमीटरवर आहे आणि मध्यम लहरींना हे अंतर फार नाही, एवढाच काय तो दिलासा.

या प्रसारणाचा श्रोत्यांना आलेला अनुभव दुहेरी आहे. केंद्र लागले तर आवाज स्वच्छ, खरखर नाही, एकाच लहरीवर दोन कार्यक्रम आणि संचाच्या पडद्यावर मजकूर. नाही लागले तर काहीच नाही. जुने प्रसारण दुबळे झाले तरी विरत विरत ऐकू येत राहते. खरखरीतूनही कान देऊन बातमी पकडता येते. डिजिटलमध्ये अशी अधलीमधली अवस्था नसते. संकेत ठरावीक मर्यादेखाली गेला की बोलणारा वाक्याच्या मध्यावरच गप्प होतो. सिमेंटच्या सदनिकांमध्ये, चार्जर आणि एलईडी दिव्यांनी निर्माण केलेल्या विद्युत गोंगाटात, मध्यम लहरींची ही अवस्था वारंवार होते. ज्याच्याकडे जुनाच ट्रान्झिस्टर आहे त्याच्या वाट्याला डिजिटल लहर येते ती निव्वळ फुसफुस बनून.

मुळात संच आहेत कोठे? डीआरएमचे सुटे संच बाजारात दुर्मीळ, आणि मिळाले तर साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट महाग. प्रक्षेपक तयार आहेत पण संच उपलब्ध नाहीत, ही तक्रार 'ट्राय'ने १ फेब्रुवारी २०१८ च्या शिफारशींतही नोंदवली होती. गेल्या काही वर्षांत काही मोटार उत्पादकांनी डीआरएमचे संच गाड्यांमध्ये बसवून दिले, आणि चंडीगड हे तर मोटारींचे शहर. पण आपल्या गाडीतला रेडिओ डिजिटल आहे, याची कल्पना त्यातल्या किती मालकांना असेल? सरकारी खर्चाने उभारलेली सेवा सरकारनेच गुप्त ठेवावी, असा हा प्रकार आहे.

खासगी डिजिटल रेडिओचा अनुभव याहून कडू आहे. 'वर्ल्डस्पेस'ची उपग्रह सेवा २००० साली भारतात आली. दशकाच्या उत्तरार्धात तिचे देशातले वर्गणीदार साडेचार लाखांच्या घरात गेले. तिच्यावर पंजाबीसाठी 'तुनक' होते, मराठीसाठी 'सुरभि' होते आणि शास्त्रीय संगीतासाठी 'गंधर्व'. जाहिरातींचा अडथळा नाही, निवेदकाची बडबड नाही. दिल्ली-चंडीगडकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला आपल्या भाषेतले संगीत दिवसभर ऐकवणारे दुसरे साधन त्या काळी नव्हते. त्यासाठी खास संच विकत घ्यायचा, उपग्रहाच्या दिशेने अँटेना लावायची आणि वर्षाची वर्गणी आगाऊ भरायची. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद पडली. उपग्रह दुसऱ्याचा, मानक एकाच कंपनीचे. त्यामुळे त्या संचांचा दुसरा उपयोगही होईना. त्या श्रोत्यांना कोणत्याही नियामकाचे संरक्षण नव्हते.

म्हणूनच मानकाचा प्रश्न तांत्रिक तज्ज्ञांवर सोडून मोकळे होता येणार नाही. एफएमच्या पट्ट्यातील डीआरएमच्या चाचण्या फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये दिल्ली व जयपूर येथे झाल्या. अमेरिकेत रुजलेल्या 'एचडी रेडिओ'चे पुरस्कर्तेही स्पर्धेत आहेत. 'ट्राय'ने ऑक्टोबर २०२५ मध्ये देशभर एकच मानक असावे असे सांगितले, पण ते कोणते याचा निवाडा सरकारवर सोपवला. एका फ्रिक्वेन्सीवर जुने अॅनलॉग प्रसारण, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहिती वाहिनी, ही नव्या व्यवस्थेची रचना आकर्षक आहे, यात शंका नाही. मात्र संच बनवणारा मानक ठरण्याची वाट पाहतो, प्रसारक संचांची वाट पाहतो आणि श्रोता दोघांची. हे चक्र भेदण्याचे काम बाजार करील, अशी आशा २००९ पासून बाळगली जात आहे.

मोबाइल फोन असताना हा खटाटोप हवाच कशाला, हा आक्षेप वजनदार वाटतो. आकाशवाणीच्या वाहिन्या आता इंटरनेटवर सहज ऐकता येतात आणि चंडीगडसारख्या सुशिक्षित, सधन शहरात तसे ऐकणारे पुष्कळ आहेत. परंतु याच शहराचा अनुभव या आक्षेपाला सर्वांत चोख उत्तर देतो. ऑगस्ट २०१७ मध्ये डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाविरुद्धच्या खटल्याचा निकाल पंचकुल्यात लागायचा होता, तेव्हा चंडीगडसह पंजाब व हरियाणात मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. मार्च २०२३ मध्ये अमृतपालसिंग याच्या शोधमोहिमेत पंजाबभर ते कित्येक दिवस बंद होते. चंडीगडला खेटून असलेले मोहाली त्यातच आले. अफवा रोखण्यासाठी सरकार ज्या वेळी इंटरनेट तोडते, नेमक्या त्याच वेळी नागरिकाला विश्वासार्ह बातमी हवी असते. ९ मे २०२५ च्या सकाळी हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे चंडीगडमध्ये वाजले. भोंगा धोका सांगतो. कोठे जावे, काय करावे, धोका टळला काय, हे सांगत नाही. चालू संचाला आपोआप आपत्कालीन वाहिनीवर नेण्याची सोय डिजिटल रेडिओच्या मानकांत आहे. सुरतेपेक्षा तिची गरज सीमेजवळच्या या शहराला अधिक आहे, हे सांगायला संरक्षणतज्ज्ञ लागत नाही.

डिजिटलची घाई करावी, असाही याचा अर्थ नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण बंद केले, ते श्रोत्यांकडे पर्यायी संच आधी पोहोचल्यावर. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफएमचा निरोप घेतला आणि श्रोते गमावले. जेथे घरोघरी डिजिटल संच आहेत तेथेही हे घडले.

दिल्लीतील धोरणकर्त्यांचे रेडिओप्रेम खोटे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१४ पासून पंतप्रधान 'मन की बात'साठी याच माध्यमावर विसंबले आहेत. २८ एप्रिल २०२३ रोजी १०० वॉटच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन झाले. फोनमधील एफएमची सोय बंद करू नये, अशी सूचनाही त्याच सुमारास उत्पादकांना देण्यात आली. ती बंधनकारक केली असती तर अधिक बरे झाले असते. म्हणजे एकीकडे अॅनलॉगचा विस्तार, दुसरीकडे डिजिटलचा लिलाव आणि तिसरीकडे मध्यम लहरींवरील डिजिटल प्रक्षेपकांचे पुढे काय, याविषयी मौन. ही तीन धोरणे एकाच मंत्रालयाची आहेत. लिलावाआधी मानक जाहीर करणे आणि त्याचे संच परवडणाऱ्या किमतीत मिळतील याची तजवीज करणे, हे माहिती व प्रसारण मंत्रालयाचे काम आहे. चंडीगडसारख्या शहरांत खासगी बोलीची वाट न पाहता आकाशवाणीच्या एफएम केंद्रावरच डिजिटल वाहिनी सुरू करता येईल. मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात असले तरी लहरींना ती सीमा कळत नाही, त्यामुळे एका प्रक्षेपकात दोन राज्यांच्या राजधानीचे काम भागेल. अॅनलॉग कधी बंद करायचे, हे डिजिटलचा प्रसार पाहून नंतर ठरवावे, असे 'ट्राय'ने म्हटले आहे. तो निर्णय होईल तेव्हा प्रसार मोजायचा तो याच १३ शहरांत की यादीबाहेरच्या शहरांतही, हे मंत्रालयाने आताच स्पष्ट करायला हवे.