कांबळे नव्हे, खोली

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून कांबळी गोळा होतात आणि परळला टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर वाटली जातात. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मीही गेलो आहे. तरीही म्हणतो, हा प्रकार आता पुरे!

रक्ताच्या कर्करोगावरील बालकाचे उपचार बहुधा दोन वर्षांहून अधिक चालतात आणि त्यांतला बराच काळ ते वॉर्डाबाहेर असते. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की साधा तापही जिवावर बेततो. अशा लेकराला धुळीत निजवून वर कांबळे घालणे, याला दया म्हणावे काय? निवाऱ्यावाचून हताश झालेले आईबाप उपचार अर्धवट टाकून गावी परततात. म्हणजे निवारा हीदेखील औषधाचीच मात्रा आहे.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. २००६ साली निहाल व श्यामा कविरत्ने या दांपत्याने सेंट ज्यूड केंद्रे सुरू केली. तेथे कुटुंबाला विनामूल्य जागा मिळते, आई आपल्या हाताने स्वयंपाक करते. नाव आपल्या संताचे. आपण मात्र सभागृहे लग्नांना भाड्याने देण्यात गुंतलेले!

‘आजार आपल्या मुलांना लागेल,’ असे एका सभासदाने मला सुनावले. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. धोका असलाच तर आपल्या सर्दी-खोकल्याचा त्या बालकाला आहे. शोमरोनी माणसाने जखमीला वाटेवर पांघरूण घातले नाही. उतारशाळेत नेले आणि खर्चही सोसला.

आमच्या सभागृहामागील दोन खोल्यांत मंडपाचे सामान पडून आहे. येत्या सभेत त्यांच्या किल्ल्या मी मागणार आहे.