वास्तूचं कासव, नदीचं कासव

मागच्या महिन्यात हिंगोलीला एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. (ते हा ब्लॉग वाचतात, म्हणजे आज शिव्या खाणार हे नक्की!) हॉलमध्ये काचेच्या टाकीत एक कासव. डोळ्यामागे लाल पट्टा. उत्तरेला ठेवलं की पैसा टिकतो म्हणे.

मंडळी, ते कासव मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, अमेरिकेतलं. आज तळहातावर मावतं, उद्या फूटभर होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मग टाकी पुरत नाही आणि पुण्य समजून कुणीतरी ते तळ्यात सोडून येतं. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायची जागा बळकावतं. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जातींत त्याचं नाव आहे. युरोपने त्याची आयात १९९७ मध्येच बंद केली. आपण मात्र त्याला हळदकुंकू वाहतोय.

आणि आपलं स्वतःचं? टेंट टर्टल नावाचं वीतभर कासव आहे, पाठीवर तंबूसारखा उंचवटा असलेलं. त्याची इकडची उपजात महानदी, गोदावरी आणि कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांतलीच. ग्रे नावाच्या इंग्रजाने त्याची नोंद १८३४ मध्ये करून ठेवली. आपली कयाधू पैनगंगेला मिळते आणि ते पाणी फिरून शेवटी गोदावरीतच जातं. पूर्णा तर थेट गोदावरीला. म्हणजे हे खोरं आपलंच की!

हे कासव अंडी घालतं नदीकाठच्या वाळूत. आता वाळूचं आपण काय करतो ते मी सांगायला हवं का? रात्रभर ट्रॅक्टर चालतात, सकाळी काठाला नुसते खड्डे. ज्या हॉलमध्ये लक्ष्मीसाठी परदेशी कासव पोसलंय, त्या हॉलच्या भिंतींत नदीतली वाळू आहे. घर बांधायचं तर वाळू लागणारच, असं म्हणाल. लागते ना. पण दगड फोडून केलेली क्रश सँडही मिळते. ती चालत नाही, कारण मिस्त्री नको म्हणतो!

असो. आणलेलं कासव कृपा करून तळ्यात सोडू नका, अगदी औंढ्याला जातानासुद्धा. मोठी टाकी घ्या आणि सांभाळा. वास्तुशांतीचं जेवण मात्र झकास होतं, विशेषतः वांग्याची भाजी. फोन आला तर उचलेन.